मौनाचा नवस आणि ऋचाचं फ्रेंच

सुषमाताई, मागच्या वर्षी मी टेकडीच्या गणपतीला एक नवस बोलले होते, तो तुम्हाला कधी सांगितलाच नाही. आमच्या ऋचाने अकरावीला फ्रेंच घेतलं आणि सहामाहीच्या तोंडी परीक्षेत बाईंपुढे तिच्या तोंडून अक्षर फुटलं नाही. वार्षिकलाही तसंच झालं असतं तर नापासच. वार्षिक महिन्यावर आली तेव्हा मी हात जोडले, "बाप्पा, पोरीचं तोंड उघडू दे. परीक्षा होईपर्यंत रोज दिवाबत्तीनंतर तासभर मी माझं बंद ठेवते."

पहिल्याच संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते, तर ऋचा पुस्तक घेऊन ओट्याशी आली आणि माझ्याशी फ्रेंचमध्ये बोलू लागली. मला कळेना काही, आणि बोलायची तर सोयच नाही. मी आपली मान हलवत राहिले. मग रोजच तसं. आमचे हे म्हणायचे, "नवस लेकीसाठी, अन् फळ मले भेटून राहिलं!"

वार्षिक परीक्षेत ऋचा न अडखळता बोलली. मी पेढे घेऊन देवळात निघाले, म्हटलं, "पाहिलं? बाप्पा पावला."

"पावला नं," ती म्हणाली. "आधी मी पुस्तक उघडलं की तू म्हणायची, संस्कृत काहून नाही घेतलं वं? महिनाभर बाप्पानं तुले तेवढं म्हणू नाही दिलं."

आता तुमची सई जर्मन घेऊन बसली आहे. ताई, माझं एवढं ऐका, आज दिवा लावलात की तुम्हीही हाच नवस बोला. बाप्पा सगळं करतो, आपण फक्त मध्ये बोलायचं नाही.