भंगारातली लेन्स

तुम्ही मला लेन्सचं काय सांगता! माझ्या ताईच्या लग्नाचं व्हिडिओ शूटिंग शेवगावच्या दिलीपनं केलं होतं. त्याच्या कॅमेऱ्याची लेन्स फुटली, म्हणून त्यानं लेथवर रिंग कातून भंगारातली जुनी लेन्स बसवली. चित्र मधोमध लख्ख, कडेला सगळा काळोख.

वर्षभरात वडील गेले. त्यांना एकदा हलताबोलताना बघावं म्हणून आईनं कॅसेट लावली. वडील लग्नभर कडेलाच उभे. काळोखातून नुसता आवाज आला, "जेवून जा बरं का!" मधोमध पाच मिनिटांसाठी आलेला पुढारी हसत होता.

दिलीपला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, "सायबांचा चेहरा बघा की, लई झकास आलाय!"

आई म्हणाली, "व्हय. तेवढाच मानूस आल्ता लग्नाला."