उधळ्याची बादली

टँकर चौथ्या दिवशी आला होता. रांगेत माझ्यापुढे मुलांच्या नाटकातला म्हातारा नट आणि हंडा घेतलेली एक बाई.

“ताई, तुम्हाला पटायचं नाही, पण मी उधळ्या होऊन बादली ओततो ना, तेव्हा पोरं ढसाढसा रडतात. पाणी जपायची शपथ घेऊनच घरी जातात.”

“अख्खी बादली ओतता?”

“काठोकाठ भरलेली.”

“आणि वर आमच्याच रांगेत उभे राहता? सांगू का सगळ्यांना?”

“अहो, हळू बोला. खरं पाणी कुठलं? चंदेरी कागदाच्या पट्ट्या त्या. लांबून पाणीच वाटतं.”

“काका, माझी धाकटी परवा अगदी पुढे बसली होती. घरी आल्या आल्या तिने भिजलेला फ्रॉक काढला आणि पातेल्यात पिळला.”