कमानीवरचा इंजिनियर

...नाही पण मी काय म्हणतो, एखाद्या पोराला बेंजो वाजवता येतो हा काय त्याचा गुन्हा आहे का? सांगा ना! दारू पीत नाही, मटका लावत नाही, कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही, गुमान बसतो आणि वाजवतो, आणि असा वाजवतो की हळदीच्या मांडवात गुडघे धरून बसलेल्या म्हाताऱ्या पदर खोचून उठतात... आणि नाचून नाचून घामाघूम झाल्या की त्याच म्हाताऱ्या त्याच्या गालावरून हात फिरवून काय सांगतात? "बाला, आदी डिग्री पुरी कर, मंग काय वाजवाचा ता वाजव!" अगं आजे, मग तू इतका वेळ नाचत कशाला होतीस?

तेजसचं सांगतोय. आमच्या शेजारच्या कमळाकरचा पोरगा. आमचं गाव म्हणजे महाप्याच्या कंपन्यांच्या मागे अडकलेलं, चहूबाजूंनी काचेच्या बिल्डिंगा आणि मध्ये आम्ही, ह्या खिडकीतून त्या खिडकीत मीठ मागता येईल इतकी चिकटून घरं. त्यामुळे कमळाकरच्या घरात कोणी शिंकलं तरी मला कळतं, मुद्दाम ऐकावं लागत नाही, गैरसमज नको! तर हा तेजस लहानपणापासून बेंजोवर. बेंजो म्हणजे डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्या हातानं तारा छेडायच्या. आमच्याकडे भटजी उशिरा आला तर चालतं, पण बेंजो पार्टी उशिरा आली की नवरा हळदीचा पाट सोडून स्वतः रस्त्यावर बघायला जातो.

आणि शिकायला कुठे? इंजिनियरिंगला! मेकॅनिकल! का, तर बापाची इच्छा. आता त्यात कमळाकरचंही चुकलं असं तोंडावर म्हणता येत नाही हो. शहर वसवायला गावाची जमीन गेली तेव्हा घरटी एक नोकरी मिळेल असं ह्यांना कोणीतरी सांगितलं होतं. हा गेला तळोज्याला, कंपनीच्या गेटवर. "शिक्षण किती?" "दहावी नापास." "बरं, कळवतो." झालं, अजून कळवतायत! त्या दिवसापासून माणसानं एकच धरून ठेवलं... आपल्या घरात इंजिनियर झाला पाहिजे, आणि त्या गेटातून तो आत गेला पाहिजे. खोल्यांचं भाडं येतं, खाऊन-पिऊन सुखी, पण ते गेट काही त्याच्या डोक्यातून जात नाही.

म्हणून तेजसनं बेंजो हातात घेतला की हा ओरडणार, "आदी डिग्री पुरी कर, मंग काय वाजवाचा ता वाजव!" आणि बेंजो उचलून कपाटावर. बरोबर आहे, शिस्त पाहिजे! पण तेवढ्यात फोन वाजतो. कोणाचा? भावकीतला. "हॅलो! बोल रं दादूस! काय? पोरीची हलद? अरे मंग आमचा तेजस हाय ना! घरचाच पोर! पैशांची सुपारी कसली देतंस त्याला? मार खाशील माजे हातचा!" फोन ठेवला, बेंजो कपाटावरून खाली! आणि हळदीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोराचा पेपर. तुम्हाला सांगतो, ह्या पोराचे जेवढे विषय राहिले, जेवढ्या केट्या लागल्या ना, त्या सगळ्या भावकीच्या हळदीनं लागल्या. मशीन डिझाइनची केटी कमळाकरच्या आतेभावाच्या थोरल्या पोरीची, आणि पुन्हा मशीन डिझाइनची केटी... त्याच आतेभावाच्या धाकट्या पोरीची. आणि नापास झाला की मांडवातले तेच लोक, तेच मटणाचे हात धुवत, "काय रे, डिग्रीकडं लक्ष नाय तुजा?"

तर शेवटी राहिला एक पेपर. फक्त मशीन डिझाइन. तो दिला की सुटला.

आणि नेमक्या तेव्हाच आल्या सुनीती मॅडम. वाशीला त्यांचा स्टुडिओ आहे, लोकसंगीताचे मोठे कार्यक्रम करतात, दहा गावचे वाजवणारे गोळा करून देशभर फिरतात. कुठल्याशा हळदीत पाहुणी म्हणून आल्या आणि ह्याला ऐकलं. जेवण तसंच ठेवून उठल्या बाई! म्हणाल्या, "तेजस, वर्षभर माझ्याबरोबर राहायचं. वाजवायचं, चाली बसवायच्या, शिकायचं. रेकॉर्डिंगला ये, तिथेच नक्की करू." आता ज्या पोराला आयुष्यभर "घरचाच पोर" ह्यापलीकडे कोणी काही म्हटलं नव्हतं, त्याला पहिल्यांदा कोणीतरी "शिकायचं" म्हणालं, आणि तेही बेंजोबद्दल. पोराचा चेहरा असा झाला होता... जाऊ दे.

रेकॉर्डिंग कधी? अर्थात! मशीन डिझाइनच्या पेपरच्या दिवशी! त्याच सकाळी! देवाला दुसरा दिवस मिळत नाही हो ह्या बाबतीत.

ह्यानं कोणाकोणाला विचारलं सांगू? कॉलेजच्या सरांना विचारलं. सर चष्म्यातून बघत, "हे बघ, आधी डिग्री पूर्ण कर, मग काय वाजवायचं ते वाजव." सरांनी तरी काही नवीन बोलावं ना! पगार घेतात! मॅडमना विचारलं, दिवस बदलता येईल का? त्या म्हणाल्या, "स्टुडिओ, माणसं, सगळं ठरलंय रे. तुझं तू ठरव. मी रागावणार नाही." रागावणार नाही! ह्यापेक्षा रागावलेली परवडली.

शेवटी पोरानं ठरवलं. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं स्वतः ठरवलं. सकाळी आईनं, गोजरानं, हातावर दही-साखर ठेवली, "पेपर चांगला लिव रं बाला," ह्यानं ती चाटली, पाया पडला, आणि गेला तो थेट वाशीला! तिथे काय वाजवला म्हणे... साउंडवाला काचेपलीकडे उभा राहिला, मॅडमचे डोळे भरले, म्हणाल्या, "सोमवारपासून ये." बास! पेपर बुडाला, पण पोरगा तरला!

आता राहिलं फक्त बापाला सांगायचं. परतताना रिक्षात बसून वाक्याची तालीम चालली होती. "बाबा, मी पेपर दिला नाय. मी बेंजोच वाजवनार. मारा, घराबाहेर काडा, पन मी बेंजोच वाजवनार." तीन वाक्यं, सोपी. रिक्षावाल्यानं आरशातून विचारलं, "भाई, टेन्शन है क्या?" तेवढ्यात गाव आलं. ह्यानं मान वर केली...

आणि कमानीवर बॅनर!

हा एवढा! अख्खी कमान झाकणारा! "आपल्या गावचा अभिमान, इंजिनियर तेजस कमळाकर यांचे हार्दिक अभिनंदन!" मध्ये ह्याचा फोटो. कुठला? हळदीतला! गालांना हळद तशीच, हातातला बेंजो कापलेला, आणि डोक्यावर ती काळी चौकोनी टोपी चिकटवलेली. कावीळ झालेला पदवीधर वाटत होता पोरगा! आणि त्याच्या दुप्पट मोठा फोटो कोणाचा? शिवराम काकाचा! कमळाकरचा हा चुलतभाऊ कित्येक वर्षं भावी नगरसेवक आहे. त्याला बॅनरला निमित्त पाहिजे असतं, कोणाचं बारसं असो की कोणी दवाखान्यातून घरी आलेला असो. त्यानं कमळाकरला विचारलं, "पोराचा शेवटचा पेपर कई?" "आज." "मंग जालाच की इंजिनियर! निकालाची वाट कशाला बगाची? तवर दुसरा कोनी बॅनर लावल!" आणि लावला! पेपर सुटायच्या आत लावला!

अहो, फोटो छापायच्या आधी त्या फोटोतल्या माणसाला एकदा विचाराल की नाही?

आणि खाली कोण उभा? कमळाकर. हातात पेढ्यांचा पुडा, अंगात लग्नातला सफारी. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडात पेढा कोंबतोय, ओळख असो-नसो, बसमधून उतरलेल्या आयटीवाल्या पोरीसुद्धा "थँक यू अंकल" म्हणून पेढा खाऊन जातायत. तेजस रिक्षातून उतरला. पहिलं वाक्य ओठावर, "बाबा, मी..." आणि तो बाप, ज्यानं जन्मात पोराला कधी जवळ घेतलं नव्हतं, तो पुढे झाला, गळ्यात पडला आणि भर रस्त्यात रडायला लागला! "मना गेटवरून परत पाठवला व्हता रं त्याही... मना गेटवरून परत पाठवला व्हता... आज माजे घरान इंजिनियर जाला!"

आता सांगा. काय बोलाल तुम्ही? तुमच्या तोंडात बापानं पेढा कोंबलाय, बाप रडतोय, वरून तुमचाच पिवळा फोटो तुमच्याकडे बघून हसतोय... बोला ना! नाही ना बोलवत? त्यालाही नाही बोलवलं. पेढा गिळला, आणि तीन वाक्यंही गिळली.

दुसऱ्या दिवशी मॅडमना फोन केला. हा माझ्या खिडकीसमोर उभा, म्हणून ऐकलं. "मॅडम, मी... आधी डिग्री पूर्ण करतो. मग येतो." आता हा स्वतःच म्हणायला लागला! मॅडम नुसतं "बरं" म्हणाल्या. ह्याच्या जागी तळोज्याकडचा कोणी बंडू घेतला. चांगला वाजवतो म्हणे. वाजवू दे.

पुढचे महिने काय काढले पोरानं! नोकरी शोधतोय असं सांगून लायब्ररीत मशीन डिझाइन. परीक्षेला जायचं तर "इंटरव्ह्यूला चाललोय". आईची दही-साखर आहेच. आणि मांडवात आता काय म्हणायला लागले? "आता इंजिनियर वाजवनार आमचे हलदीला!" म्हणजे फुकट ते फुकटच, वर इज्जत वाढली. आणि निकाल लागला, तोही कुठे बघितला? बाथरूममध्ये, मोबाइलवर. पास! खरोखरचा पास! पोरानं आत अशी उडी मारली की आई बाहेरून, "काय परला रं?" हा म्हणतो, "काय नाय आये, साबनावर घसरलो." कोणाला सांगणार? पेढे वाटून झाले, रडून झालं, बॅनर फाटून त्याची ताडपत्री शिवराम काकाच्या बोकडांवर गेली. गावभर आधीच पास असलेला माणूस पास झाल्याचा आनंद कोणाला दाखवणार? रात्री जेवताना बाप ओरडला, "इंजिनियर जालास तरी घरान बसलास!" ह्यानं भाकर मोडली.

मग लागली नोकरी. तळोज्याला, त्याच भागात, मेंटेनन्सला. गेटातून आत गेला एकदाचा. सकाळची बस, संध्याकाळची बस, हाताला ग्रीस. बेंजो कपाटावर, आता कोणी ठेवायला लागत नाही, आपला आपणच राहतो.

परवा त्या कंपनीचा फॅमिली डे होता. आई-बापाला घेऊन गेला, आणि आईच्या आग्रहानं बेंजोही बॅगेत घालून. कमळाकर तोच सफारी घालून. एचआरची बाई माइकवर, "आपल्यात कोणी कलाकार आहे का?" लोकांनी ह्याला ढकलला. ह्यानं बेंजो धरला, किती दिवसांनी... आणि काय सांगू, सगळा हॉल उठला हो! मॅनेजर खुर्चीवर चढून नाचला! एचआरची बाई धावत आली, "तेजस! अरे, तू इथे काय करतोयस?"

आणि कमळाकर... तोंड उघडं टाकून बघत राहिला. मांडवात पाहुण्यांना वाढण्यातच जन्म गेला त्याचा, पोराला बसून असं कधी ऐकलंच नव्हतं. हळूहळू चालत आला, पोराच्या खांद्यावर हात ठेवला.

"बाला, येवरा चांगला वाजवतंस... मंग नोकरी कशाला धरलीस रं? मना सांगाचा व्हता. मी काय नको बोल्लो अस्तो?"

तेजसनं बापाकडे बघितलं. मग बेंजो बॅगेत घातला, चेन लावली आणि म्हणाला, "बाबा, चला, जेवून घ्या. पावनेपाचला बस सुटल."