मार्लिसचं लाल कुलूप

हॅलो?… कोण, ड्वेन? अरे, मोठ्यानं बोल बाबा. चर्चच्या तळघरात आहे मी, शुक्रवार ना आज, अख्खं गाव मासे खायला लोटलंय… हो, तळलेलेच. आत्ता कुठे ताट हातात आलंय, तेव्हा काय ते चटकन सांग.

पत्र्याची मोठी प्रेस बंद? मग मी काय करू? मी माणसं शिकवते, मशीन दुरुस्त करत नाही. माझी शिफ्ट तीनला संपली. आता कारखाना तुझा, प्रेस तुझी, डोकेदुखी तुझी…

माझं कुलूप?

छे! काहीतरीच काय. नीट बघ… लालच आहे? आणि त्यावर फोटो?… तो जुन्या चष्म्यातला? अरे देवा!

हसू नकोस. ड्वेन, हसू नकोस म्हणते ना!… हो, माहितीये, मीच शिकवते सगळ्यांना. मशीनमध्ये शिरायच्या आधी मेन स्विच पाडायचा, त्याला आपलं कुलूप लावायचं, चावी आपल्या खिशात, आणि ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं. आलं म्हणजे डोक्यात! मग वर्गात घोरत का होतास?… घोरतच होतास! मागच्या रांगेत, टोपी डोळ्यांवर ओढून. माझं बोलणं मलाच ऐकू येईना.

अरे, दुपारी नव्या लोकांना दाखवत होते त्याच प्रेसवर. तेवढ्यात तो खरेदी खात्यातला माणूस आला आणि माझं डोकंच फिरलं. राहिलं असेल लटकत… अरे, का म्हणजे? जानेवारीपासून कुलपं मागतेय मी! प्रत्येक नव्या माणसाला त्याचं स्वतःचं कुलूप, त्यावर त्याचा फोटो. चैन मागतेय का मी? तर म्हणतो, 'बघू या.' शिकवायची खोली होती एक, तिथे खोके रचलेत. मी जेवणाच्या खोलीत शिकवते, मागे लोक सूप गरम करत असतात! दोन आठवड्यांचं शिकवणं दोन दिवसांत उरका म्हणे. आणि उद्या कुणाचं बोट गेलं की आहेच, मार्लिसनं काय शिकवलं…

नाही, तुझ्यावर नाही चिडत… बरं, तुझ्यावरही चिडतेय. माझा मासा गार होतोय.

ट्रक उभा आहे, ऐकलं. तुझा ट्रक कधी उभा नसतो ते सांग.

कुलूप कापतोस?… हो, नियमात बसतं, पण ज्याचं कुलूप तो माणूस कारखान्यात नाही याची आधी खात्री… अच्छा! म्हणून फोन केलास. म्हणजे अगदीच गाढ झोपला नव्हतास तर.

हो, घे खात्री करून. मी मार्लिस ब्रेके, कारखान्यापासून अर्ध्या तासावर, चर्चच्या तळघरात, हातात काटा-चमचा. झालं समाधान?… काप बाबा, काप. सोमवारी सगळे मला हसतील ते हसतील.

कुणाला, दुरुस्तीवाल्या लाइलला? पाठवलंस पण कटर घेऊन? अरे, जरा दम धर ना. चांगलं कुलूप आहे, फुकट कशाला कापतोस? चावी माझ्याच जुडग्यात आहे. ऑर्विल येईल घेऊन. बर्फ पडतोय, पण येईल, नवरे असतात कशाला? ऑर्विल, माझी पर्स दे रे इकडे… काकडी नाही, पर्स!

थांब, बघते… ही गाडीची… ही घराची… ही बोटीच्या शेडची… लाल दोरीची कुठे गेली? आत्ता सकाळी तर…

ड्वेन.

चावी नाहीये माझ्याकडे.

ड्वेन, पाकू कुठाय?

पाकू वांग. नवी. ठेंगणी, केसांचा अंबाडा घालते ती… पॅकिंगला? पॅकिंगला पाठवली होतीस ते नको सांगू. आत्ता, या क्षणी तिला डोळ्यांनी बघतोयस का?… मग 'असेल' कसं म्हणतोस!

अरे, मी तिला दिलं ते कुलूप! निघता निघता. तिला स्वतःचं मिळालेलं नाही अजून, म्हटलं माझं घे, हाताला सवय होऊ दे. चावी काढून तिच्या हातात ठेवली मी! फोटो माझा आहे, पण कुलूप तिनं लावलंय, ड्वेन! म्हणजे ती आत आहे!

आत म्हणजे खड्ड्यात! प्रेसच्या खाली!… मघाशी भंगार अडकलं होतं? मग खड्डा साफ करा असं कोण ओरडलं?… तूच ना? कुणाला सांगितलंस?… 'कुणीतरी करा.' वा रे वा! गेली ती! तू सांगितलंस म्हणून गेली!

लाइलला दुसऱ्या फोनवरून फोन लाव… उचलत नाही? कसा उचलेल, कानात बोळे असतात त्याच्या! तू पळ! अरे माझ्याशी काय बोलत बसलायस, टाक तो फोन आणि पळ!

ड्वेन?… ड्वेन?…

गेला. फोन टेबलावर टाकून गेलाय, ऑर्विल. बाकीच्या प्रेसचे दणके ऐकू येताहेत नुसते. त्यात ती एक सुरू झाली तर मला कळणार कसं?… नको, पाणी नको. ते ताट घे आधी माझ्यासमोरून, वास सहन होत नाही.

कुलूप कापलं की लाइल स्विच वर करणार. आधी खालचा, भंगार वाहून नेणारा पट्टा सुरू होतो. आणि ती त्या पट्ट्यावर गुडघे टेकून बसलेली असणार… मीच शिकवलंय तसं बसायला. तिनं विचारलंसुद्धा मला, फोटो तुमचा आहे, चालेल ना? आणि मी काय म्हटलं? चालतं गं, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. चालतं! मी म्हटलं, ऑर्विल! इतकी वर्षं जे दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी आकाशपाताळ एक केलं असतं, ते मीच… दोन मुलं आहेत रे तिला. धाकटीचा दात पडला म्हणून काल फोटो दाखवत होती…

हॅलो? हॅलो! बोल! अरे बोल ना, धापा नंतर टाक!

बाहेर आहे?… धडधाकट? हात, पाय, सगळं?… तू स्वतः बघितलंस?

आणि लाइल?… कटर लावला होता. कुलपाला लावला होता?… दाबायचाच होता फक्त.

हं.

…हो, रडतेय. मग काय करू, नाचू? तिला फोन दे.

पाकू? अगं… अगं ऐक ना, ऐक. माफी कसली मागतेस वेडे! तू सगळं बरोबर केलंस. कुलूप लावलंस, चावी खिशात ठेवलीस, मग आत गेलीस. चूक माझी आहे. त्या कुलपावर माझं तोंड होतं, म्हणून कुणी तुला शोधलंच नाही… काय? काही ऐकू आलं नाही? वर चढून आलीस तर समोर लाइल… पांढराफटक पडलाय? पडू दे. बसव त्याला कुठेतरी.

नाही, सोमवारी परत आणायचं नाही. ते आता तुझं. चावी कुणी मागितली तरी द्यायची नाही, ड्वेननं नाही, मालकानं नाही, मी मागितली तरी नाही. हो, मलासुद्धा नाही… ड्वेनला दे.

ड्वेन, प्रेस सुरू करायची नाही… ट्रक गेला उडत! आधी त्या कुलपावरचा माझा फोटो फाड. फाडलास?… आता तिचा काढ. तुझ्या फोननं, दुसरं काय! आणि ऑफिसात छापून चिकटपट्टीनं लाव… रंगीत शाई संपलीये? काळापांढरा काढ, पण ओळखू आली पाहिजे. मी आहे फोनवर, कुठे जात नाही…

काय करतेय ती?… केस सारखे करतेय? करू दे की! घाई करू नकोस तिला… काढलास? डोळे मिटले? मग पुन्हा काढ!

…लागला? खाली नाव काय लिहिलंस, वाच… पाकू वांग. हं.

आता तिलाच कुलूप काढू दे. तिच्या चावीनं, तिच्या हातानं. आणि फोन जवळ धर, मला ऐकायचंय…

आला आवाज. ठेवते.