पोलादाचं खोकं

"कोणती पुस्तकं आणायची हे ज्याला कळलं, तो इंजिनिअर झालाच म्हणून समज!"

"तुम्ही कितव्यांदा बसताय, साहेब?"

"पाचव्यांदा."

अमेरिकेतल्या ओमाहा शहरात इंजिनिअरच्या परवाना परीक्षेची रांग होती. पेपर पुस्तकं उघडून लिहायचा, म्हणून जो तो आपली खोकी पायानं पुढे ढकलत होता. म्हातारा ऑर्विल पुढच्या तरुण पोराशी बोलत होता, आणि त्याच्या मागं उभ्या असलेल्या डार्लाला सगळं ऐकू येत होतं.

"पण तुमचं खोकं एकच?"

"हे काँक्रीटच्या पुस्तकांचं. पोलादाचं गाडीतच राहिलं."

"अहो, पोलादावर निम्मा पेपर असतो!"

"मला सांगतोस? ते खोकं माझी बायको उचलून आणायची, आयलीन. काँक्रीट माझं, पोलाद तिचं, असं ठरलेलंच."

"मग आज त्या नाही आल्या?"

"नाही रे. नोव्हेंबरात दफनभूमीत पोचवून आलो तिला."

रांग थोडी सरकली.

"गंमत बघ, सकाळी दोन्ही खोकी मीच गाडीत भरली. इथं उतरलो, माझं उचललं आणि निघालो."

"मग जा ना, घेऊन या! दार बंद होईल!"

ऑर्विल मागं वळला.

"बाई, मी येईपर्यंत माझं काँक्रीट तेवढं पायानं सरकवत न्याल?"