सदरा निळा पडतो

— नाही हो शलाकाताई, नेहमीच्या कॅमेऱ्याने काढलेच नाहीत मी हे फोटो. हे वेगळं ॲप आहे, रॉ फाइल देणारं — म्हणजे फोनने स्वतःची रंगरंगोटी न करता जसं दिसलं तसं — पण तुम्हाला काय शिकवतोय मी, इथल्या मराठी मंडळाचे सगळे फोटो तुम्हीच काढता! म्हणून तर लॅपटॉप उचलून आल्मेरेहून इथे तुमच्या घरी झूटरमेरला आलो. बघा ना, माझे बाबा सगळ्या फोटोंत कसे पिवळे दिसतात. बल्बमुळे? मलाही तेच वाटलं — बल्ब बदलला, खिडकीपाशी बसवलं, ॲप काढून पुन्हा टाकलं. बाबा बिचारे सांगेन तिथे बसतात. पुढच्या रविवारी विमानाने तळेगावला परत जायचेत, आणि या देशात मी त्यांना कुठे नेलं? कुठेच नाही. सकाळी ट्रेन, संध्याकाळी घरी आलो की मीटिंग. अपराधी वाटतं हो — वाटायलाच हवं. म्हटलं, निदान फोटो तरी चांगले काढून द्यावेत.

त्यात आईचं वेगळंच. गुडघ्यांमुळे ती आली नाही, पण तळेगावला बसून व्हिडिओ कॉलवर रोज एकच पालुपद — हे पिवळे का दिसतात रे, स्वप्निल? म्हटलं, कॅमेऱ्याचा दोष आहे, दुरुस्त करून पाठवतो. आणि केला की! ते ड्रॉपर असतं ना, जे पांढरं आहे त्याच्यावर क्लिक केलं की बाकीचे रंग आपोआप जागेवर येतात — केलं. चेहरा एकदम ताजातवाना! पण सदरा निळा पडला, नीळ जास्त झाल्यासारखा, मागची भिंतसुद्धा निळी. मग काय, नुसता चेहरा कापला आणि आईला पाठवला. त्यानंतर ती काही बोलली नाही. पटलं असणार — म्हणजे मी आपलं तसं धरून चाललो.

क्लिक कशावर केलं? डोळ्यावर. बुबुळाच्या बाजूला — पांढराच असतो ना तो भाग? सदऱ्यावर करून बघू म्हणता? बघू. हां — सदरा पांढरा झाला. भिंतही पांढरी. सगळंच जागेवर आलं, फक्त बाबा — थांबा, परत करतो. भिंतीवर करतो.

जेवण ना? जेवत नाहीत फारसे — इथल्या भाज्यांना चव नाही म्हणून. असं ते कुठे म्हणाले, मीच म्हणतोय. अंग खाजतं म्हणाले होते, तर मी क्रीम आणून दिलं, हवा कोरडी आहे म्हणून. ताई, तासन्‌तास मी त्यांचा चेहरा स्क्रीनवर मोठा करून बघत बसलो होतो, आणि ते शेजारच्या सोफ्यावर बसले होते. मान वर करून एकदाही पाहिलं नाही मी. आईला तिकडून दिसलं, आणि मी तिचं तोंड बंद केलं. लगेच कावीळ म्हणू नका — नाही, तुम्ही कुठे म्हणालात. मीच म्हणालो.

नको, चहा नको. लॅपटॉप राहू दे इथेच. बाबा घरी एकटे आहेत, त्यांना घेऊन तडक डॉक्टरकडे जातो. आईला वाटेत फोन करतो. काय सांगायचं तिला? तुझं बरोबर होतं, एवढंच. दार लावून घ्या, ताई.