रविवारचा पाहुणा

गोंदियाहून सडक अर्जुनीला जाणाऱ्या एसटीत माझ्या पुढच्या सीटवर मायलेकी बसल्या होत्या. लॅब टेक्निशियनचा कोर्स करणारी लेक सुट्टीत घरी निघाली होती.

"रुचिका, हा रबराचा पट्टा घरी कायले नेऊन राहिली?"

"रविवारी पोरगा पाहाले येऊन राहिला ना, त्याचं रक्त काढीन."

"अवो माय! पाहुणा पोहे खाले येते, रक्त द्याले नाही."

"सिकलसेलची टेस्ट कराची आहे."

"पत्रिका जुळली ना वो!"

"पत्रिकेत रक्त दिसते का? कॉलेजात आमी एकमेकीचं रक्त काढून शिकलो, तवा माह्यात अर्धा दोष निघाला. त्यानं मले काही होत नाही. पन त्याच्यातही असला, त लेकराले पुरा आजार होऊ शकते."

"तुह्या मामाच्या गुड्डूसारखा?"

"हो."

"हाडं दुखली का किती रडते बिचारा... पन हा पोरगा भेऊन पळाला त?"

"सुईले भेनारा नवरा घेऊन मी काय करू?"

"अन तुले नस नाही सापडली त? पाहुन्यापुढं इज्जत जाईन."

"सापडते, माय. फक्त बाही कोपराच्या वर गेली पाहिजे."

आईनं फोन लावला.

"हालो, गुलशनची माय का जी? हो, रविवारचं पक्कं आहे. फक्त पोराले ढिल्या बाह्याचा शर्ट घालून आना... काऊन म्हंजे? गरमी किती होऊन राहिली, जी!"